पास न होणारे मासे

पिंपरी-चिंचवडमध्ये ज्यांच्या ज्यांच्या घरी काचेच्या पेटीत मासे आहेत, त्या प्रत्येकाकडे आमचे थोरले दीर एकदा तरी जाऊन आलेले आहेत. ज्यांच्याकडे गेले नसतील, त्यांनी बहुधा दार उघडलं नसेल. नात्याने ते माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, नोकरीने एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले क्वालिटी इन्स्पेक्टर, आणि स्वखुशीने या पंचक्रोशीतल्या यच्चयावत माशांच्या अंगावरच्या किड्यांचे कर्दनकाळ. सगळे त्यांना दादा म्हणतात. आकुर्डीला आम्ही एकाच इमारतीत राहतो, ते तिसऱ्या मजल्यावर आणि आम्ही पहिल्या. त्यामुळे त्यांच्या बाल्कनीतला टब सांडला की आधी दुसऱ्या मजल्यावर बोंब होते आणि मग सोसायटीची सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे तक्रार येते. मी तक्रारींची वही ठेवते. मला प्रत्येक गोष्टीची वही ठेवायची सवय आहे. पण तक्रारींच्या वहीची निम्मी पानं एकट्या दादांनी भरवलेली आहेत, आणि ती मी अजून फाडलेली नाहीत, यावरून माझं त्यांच्यावर किती प्रेम आहे ते समजावं.

दादांची अंगकाठी किरकोळ, चालणं भरभर, आणि शर्टाच्या खिशात कायम तीन वस्तू: भिंग, चिमटा आणि बोटाएवढी बॅटरी. दर रविवारी सकाळी ते मासळी बाजारात जातात. आता यात विशेष काही नाही असं वाटेल, पण दादांनी मासे खाणं कधीच सोडलंय. ते नुसते बघायला जातात. नदीतला, तळ्यातला, गोड्या पाण्यातला मासा दिसला की पाटीपुढे उकिडवं बसायचं, अंगठ्याने माशाचा कल्ला उचलायचा, बॅटरी मारायची आणि भिंगातून आत बघायचं. एकदा मी बरोबर होते. बाजूला पिशव्या घेतलेली आठ-दहा माणसं खोळंबली होती. मासळीवाली मावशी कोयता खाली ठेवून म्हणाली, "ओ काका, मासा घ्यायचाय का स्थळ बघायला आलाय?" दादा भिंगातून डोळा न काढता म्हणाले, "चिलापी आहे ना ही? ही आपल्याकडची नव्हे, बाहेरून आणलेली. हिच्याबरोबर काय काय आलंय ते बघतोय." मावशीने चिलापी त्यांच्या हातातून ओढून घेतली. "बाहेरची असू दे न्हाईतर घरची, तेलात सोडली की समदं सारखंच!" गिऱ्हाइकं हसली. दादांनी मात्र डायरीत नोंद केली: 'कल्ले स्वच्छ. मालक तापट.'

काळेवाडीत शोभेच्या माशांचं एक छोटं दुकान आहे. दादांची स्कूटर दिसली की तिथला दुकानदार शटर अर्धं खाली घेतो, पण दादा अर्ध्या शटरखालून वाकून आत जातात. त्यांची चौकशी ठरलेली असते. हा मासा कुठून आला? त्याच्या आधी कुठे होता? त्याच्याही आधी? एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, "कोलकात्याहून आला, काका. काल रात्रीच पार्सल आलं." "आणि त्याच्याबरोबर कोण आलं?" दादांनी विचारलं. "कोण म्हणजे? ड्रायव्हर आला!" दादांनी मान हलवली. "ड्रायव्हर परत गेला असेल रे. जे परत जात नाहीत, त्यांचं विचारतोय मी."

दादांचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात आहे. ते म्हणतात, किडा काही आपण होऊन देश सोडत नाही, त्याचं तिकीट माणूस काढतो. कुणाला खायला मोठा मासा हवा असतो, कुणाला दिवाणखान्यात रंगीत हवा असतो, कुणाला डास मारायला हवा असतो. मग एका नदीतला मासा उचलून हजार मैलांवरच्या दुसऱ्या नदीत सोडतात. माशाला सगळे बघतात. त्याच्या कल्ल्यात, कातडीत, आतड्यात बसून जो आला त्याला कुणी बघत नाही. नव्या पाण्यातल्या माशांना त्याची सवय नसते, त्यांच्या बापजाद्यांनी तो कधी पाहिलेला नसतो. बाहेरचा मासा त्याच्यासकट मजेत जगतो आणि घरचे मासे मरतात. हे सांगताना दादांचा आवाज चढतो, हातवारे वाढतात आणि जागेचं भान सुटतं. चाकण रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात, पंगतीत, त्यांनी वराच्या काकांना हा विषय सांगायला घेतला. चीनकडच्या गवत खाणाऱ्या माशाबरोबर एक फितीसारखा किडा देशोदेशी कसा पसरला, तो पांढरा असतो, लांब असतो, आतड्यात वेटोळं करून बसतो, इथपर्यंत ते आले आणि वाढप्याने शेवयांची खीर वाढली. वराचे काका हात धुवायला गेले ते परत आलेच नाहीत. त्या ओळीतली खीर एकट्या दादांनी खाल्ली. "लोकांना गोड चालत नाही हल्ली," असं ते वाटेत मला म्हणाले.

त्यांचं दुसरं ठाणं म्हणजे कासारवाडीजवळचा नदीवरचा पूल. घर बदलणारी माणसं जाता जाता पेटीतले मासे पवनेत सोडून देतात. कुणाला ज्योतिषाने जिवंत मासे सोडायला सांगितलेलं असतं, कुणाला वाटतं बिचाऱ्यांना मोकळं केलं तर पुण्य लागेल. दादा पुलावर कंपनीतलं जुनं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घालून उभे राहतात. त्यामुळे लोकांना ते महापालिकेचे वाटतात. "सोडू नका, मला द्या," असं ते म्हणतात आणि लोक मुकाट्याने पिशवी देतात. असे अनोळखी लोकांचे मासे त्यांच्या बाल्कनीत टबांमध्ये राहतात. प्रत्येक टबाला कारखान्यातल्यासारखी चिठ्ठी लावलेली असते. लाल म्हणजे नापास, पिवळी म्हणजे तपासणी चालू, हिरवी म्हणजे पास. मी गेली दोन वर्षं त्यांच्या बाल्कनीत जाते, हिरवी चिठ्ठी मी फक्त पाकिटातच पाहिली होती. माझ्या मोठ्या जाऊबाई म्हणतात, "आमच्या घरात अंघोळीला बादली मागितली तर आधी आत कोण आहे ते बघावं लागतं."

सोसायटीच्या कारंज्याच्या हौदात डास झाले, तेव्हा मी रीतसर यादी केली. एक, हौद धुणे. दोन, आरोग्य विभागाकडून डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आणणे. तीन, सोडणे. एक आणि दोन एका दिवसात झालं. तीनपाशी दादा आडवे आले. गप्पी तरी कुठे आपल्याकडचे, तेही परदेशातूनच आणलेले, पावसाळ्यात हौद भरून वाहिला की नाल्यातून नदीत जातील, म्हणून आधी एकवीस दिवस निरीक्षण. मासे तिसऱ्या मजल्यावर गेले आणि डास खाली राहिले. दहाव्या दिवशी मीटिंगमध्ये चेअरमन कोपर खाजवत म्हणाले, "दादा, तुमचे मासे पास होईपर्यंत आम्ही सगळे ॲडमिट होऊ राव." दादा म्हणाले, "डास दिसतो, मारता येतो. मी न दिसणाऱ्याचं बोलतोय." शेवटी मी हौद कोरडा केला आणि त्यात तुळशीच्या कुंड्या ठेवल्या. विषय मिटला. दादा मात्र खूश झाले, कारण मासे पास करायची वेळ टळली.

हे सगळं ऐकून लोक हसतात, आम्हीही हसतो. पण या वेडाच्या मुळाशी एक विहीर आहे. दादांच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे आक्कांची. आक्का चाकणजवळच्या गावात दिलेल्या. मुलं कंपनीत शिफ्ट करतात, आक्का शेत बघतात. आजूबाजूला शेड उभ्या राहिल्या, पण आक्कांनी विहिरीभोवतीचं वावर विकलं नाही. ती विहीर खोदली तेव्हा पाणी लागल्यावर दाजींनी, म्हणजे आक्कांच्या यजमानांनी, जवळच्या ओढ्यातले मासे धोतराच्या सोग्यात धरून आणून तिच्यात सोडले होते. विहिरीत मासे असले की पाणी निर्मळ राहतं, म्हणून आपल्याकडे सोडतातच. दाजी गेले, माशांची पिढी पुढे चालत राहिली. त्या माशांचं नाव मी एकदा विचारलं तर आक्का म्हणाल्या, "आमचं मासं म्हंत्यात त्यांना." रोज सकाळी विहिरीच्या पायऱ्यांवर बसून त्या माशांना भाकरी चुरून घालायच्या आणि गावातल्या बातम्या सांगायच्या.

दादा निवृत्त झाले त्या दिवशी कंपनीतल्या लोकांनी त्यांना शाल, श्रीफळ आणि दोन मासे दिले. गेटजवळच्या हौदातले लाल-पांढरे मासे, दादा कित्येक वर्षं त्यांना डब्यातली पोळी घालत आलेले. पाण्याच्या कॅनमध्ये मासे घेऊन, गळ्यात हार तसाच ठेवून, दादा थेट आक्कांकडे गेले. त्याच आठवड्यात विहिरीचा गाळ काढून झाला होता, जुने मासे टिपाडात काढून परत सोडले होते. आक्कांनी कॅनमध्ये वाकून पाहिलं आणि विचारलं, "बरं हायत ना रं हे?" आणि जन्मभर केसाएवढ्या फरकावर माल परत पाठवणारे आमचे दादा म्हणाले, "कंपनीतले आहेत आक्का. त्यात काय बघायचं!"

दोन-तीन महिन्यांनी आक्कांचा फोन आला. मासे पायऱ्यांच्या दगडावर अंग घासतायत, अंगावर लाल डाग आहेत, आणि एकेकाच्या अंगाला दोरा लोंबतोय. "कुनी गंडा बांधल्यावानी दिसतंय बघ," आक्का म्हणाल्या. दादा गेले, एक मेलेला मासा बाटलीत घालून आणला आणि आकुर्डीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना दाखवला. मी सोबत होते. बाईंनी सांगितलं की हा दोरा नाही, किडा आहे. जहाजाच्या नांगरासारखं तोंड मांसात रुतवतो आणि शेपूट बाहेर ठेवतो. शोभेच्या माशांबरोबर असे किडे नव्या पाण्यात जातात. तुमच्या लाल-पांढऱ्या माशांबरोबर आला असणार. दादांनी एकच प्रश्न विचारला, "आधी बघितलं असतं, तर भिंगातून दिसला असता का?" बाई सहज म्हणाल्या, "नुसत्या डोळ्यांनीही दिसला असता, काका." दादांनी बाईंना नमस्कार केला. परत येताना वाटेत थांबून त्यांनी भिंग विकत घेतलं.

विहिरीतले सगळे मासे गेले. आक्कांनी दादांना एका शब्दाने बोल लावला नाही, आणि हेच दादांना सोसलं नाही. "एक शिवी हासडली असती तर मोकळा झालो असतो मी," ते मला म्हणाले होते. विहिरीत मासाच नसला तर त्या किड्याची पिल्लं उपाशी मरतात, म्हणून बाईंच्या सल्ल्याने वर्षभर विहीर मोकळी ठेवली. वर्ष संपलं. मग दादांनी ठरवलं की दाजींनी ज्या ओढ्यातून मासे आणले होते, त्याच ओढ्याच्या वरच्या डोहातून तेच मासे आणायचे आणि विहिरीत सोडायचे. आणायचे म्हणजे अर्थातच आधी तपासायचे.

पहिली खेप बाल्कनीत आली आणि आठव्या दिवशी एका माशाच्या परापाशी खरोखरच माशांना होते ती ऊ सापडली. लाल चिठ्ठी. दुसरी खेप सतरा दिवस सुखात गेली, अठराव्या दिवशी सकाळी सहाला दादा आमच्या दारात. "संध्या, दोरा!" मी चहाचं आधण उतरवून वर गेले. टबात एका माशाच्या शेपटीला खरंच दोरा होता. मी चिमटा घेतला, दोरा काढला, उजेडात धरला. निळा होता. दादांच्या खांद्यावरचा पंचाही निळाच होता, आणि त्याच्या दशा सुटल्या होत्या. "दादा, हा तुमच्या पंचाचा आहे." "असेल," दादा म्हणाले, "पण शंका आली ना? शंका आली की लाल." आणि त्यांनी सगळे मासे परत ओढ्यावर नेऊन सोडले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस मासे कधीच पास करणार नाही. किडा सापडला तर नापास, आणि नाही सापडला तर सापडेपर्यंत पिवळी.

त्याच सुमारास मी कामासाठी आक्कांकडे गेले होते. त्यांचा मोतीबिंदू वाढला होता, ऑपरेशनला साखर आडवी येत होती. पायऱ्या उतरताना त्या भिंतीला हात लावून उतरत होत्या. मी माशांचा विषय काढला. आक्का म्हणाल्या, "त्याला म्हनावं, बस तपासत. म्या गेले की मंग सोड. मासं न्हाईत तर हिरीवर यायला पाय उचलत न्हाई बघ माजा. कुनाशी बोलू, मोटारीशी?" घरी येऊन मी कॅलेंडर काढलं, बावीस दिवस मोजले आणि एका मंगळवारावर खूण केली. मग दादांना सांगितलं, "उद्या तिसरी खेप आणा. खुणेच्या या मंगळवारी मासे जाणार. किडा सापडला तर गोष्ट वेगळी. शंका आली तर मला बोलवा." दादा म्हणाले, "आणि पास कोण करणार?" मी म्हणाले, "मी." कारखान्यात असं चालत नाही, असं ते पुटपुटले, पण नाही म्हणाले नाहीत. त्या तीन आठवड्यांत मला अकरा वेळा बोलावणं आलं. सहा वेळा माशाचं स्वतःचं खवलं, तीन वेळा शेवाळ, एकदा भिंगावरचा डाग आणि एकदा जाऊबाईंचा पांढरा केस. मंगळवारी पहाटे मी भिंग घेऊन एकेक मासा पाहिला आणि हिरव्या चिठ्ठीवर सही केली. दादांनी ती सही पण भिंगातून पाहिली.

गाडीत टब जाऊबाईंच्या मांडीवर. दादा मागे त्यांच्याशेजारी बसून दर दोन मिनिटांनी मगने पाणी वर घेऊन परत टबात सोडत होते, हवा मिसळावी म्हणून. चाकणच्या चौकात कंटेनरच्या मागे आम्ही अर्धा तास अडकलो. जाऊबाई ओल्या साडीनिशी म्हणाल्या, "लग्नाच्या वरातीत माझ्याकडे एवढं बघितलं नव्हतं यांनी."

आक्का विहिरीवर वाट बघत उभ्या होत्या. दादांनी टब खाली ठेवला, खिशात हात घातला आणि म्हणाले, "आक्का, एकदाच बघतो."

"आरं, बघून बघून दीट लागायची त्यांना. आन हिकडं."

त्यांनी टब कमरेवर घेतला, मी कोपराला धरलं, आणि आम्ही शेवटच्या ओल्या पायरीपर्यंत उतरलो. दादा वरच थांबले. तिथूनच म्हणाले, "आक्का, तपासलेत."

"म्या इचारलं का?"

"मागल्या वेळी मी न बघता..."

"मागल्या येळी बी तूच आनलंस, ह्या येळी बी तूच आनलंस," आक्का म्हणाल्या. "दुसरं कोन हाय मला आनून देनारं?" आणि त्यांनी टब पाण्यात कलता केला. मासे एकदम खाली गेले, पाण्यावर एक वर्तुळ उठलं आणि विरून गेलं. वर बघितलं तर दादा विहिरीकडे पाठ करून, लांबच्या शेडकडे बघत उभे होते. 

तेव्हापासून दादा रोज सकाळी आक्कांना फोन करतात. परवा मी भुईमुगाच्या शेंगा आणायला गेले होते आणि आम्ही दोघी पायऱ्यांवर बसलो होतो तेव्हा तो फोन आला. आक्कांनी फोन कानापासून लांब धरला, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"दिसले का आज?"

"दिसले की. समदे दिसले."

"अंगावर डाग? दोरा?"

"काय न्हाई. आरशावानी हायत."

मी वाकून पाहिलं. पाणी हिरवं, खोल, त्यावर भाकरीचा चुरा तरंगत होता. मासा काही दिसत नव्हता. माझी नजर अजून चांगली आहे, आक्कांना तर हातभर अंतरावरची माझी बांगडीही धुरकट दिसते. तेवढ्यात दादा म्हणाले, "संध्या आलीय ना तिथं? तिला दे." आक्कांनी फोन माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे नाही, पाण्याकडे बघत राहिल्या.

"संध्या, तू बघितलेस? खरं सांग."

"बघितले दादा," मी म्हणाले. "छान आहेत."

 "बरं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. आक्कांनी भाकरीचा उरलेला तुकडा मोडून अर्धा माझ्या तळहातावर ठेवला, आणि आम्ही दोघी पाण्यात चुरा टाकत बसलो.